बा रात्री तीनला उठून म्हशी शोधतो

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी चौतीस वर्षांची, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली, धनगर घरातली. पिसुर्ल्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला जाते, नवरा मिनीबस चालवतो, मुलगा चौथीत. तिचे वडील, घरात त्यांना बा म्हणतात, जन्मभर डोंगरावरच्या वाड्यावर म्हशी राखून होते. आये गेली, मग दोन वर्षांपूर्वी म्हशी विकल्या आणि बाला खाली होंड्याला आपल्याकडे आणलं. आता बा रात्री तीनला उठतो, दार उघडून म्हशी शोधायला निघतो. हिला आयेच्या नावाने हाक मारतो. ज्या वाटेने चाळीस वर्षं गेला त्या वाटेवर एकदा चुकला. शहरातल्या एका डॉक्टरकडे नेलं, त्यांनी हिंदीत नि मग कोकणीत तारीख विचारली, पंतप्रधान कोण विचारलं, शंभरातून सात वजा करायला सांगितलं, बाला फक्त त्याची धनगरी बोली येते, तो गप्प बसला. पाच-सहा मिनिटांत 'डिमेन्शिया आहे, वय झालं' म्हणून रात्रीची गोळी दिली, त्या गोळीने बा दिवसभर पेंगतो, दोनदा पडला. वेर्ण्याला राहणारा भाऊ म्हणतो घाड्याकडे, म्हणजे देवाचा कौल लावणाऱ्याकडे ने, आणि वर म्हणतो की आमच्यात असलं काही नसतं, तू खाली आणलंस म्हणून झालं. वाड्यावरचेही तेच बोलतात. ती विचारते: नोकरी सोडू, की आश्रमात ठेवू, की परत वाड्यावर चुलत्याकडे पाठवू?

बाय,

तूच लिहिलंयस की मला तू म्हणा, म्हणून तू म्हणते.

पत्र दोनदा वाचलं. तीन प्रश्न शेवटी विचारलेस खरे, पण मी अडकले ती मधल्या एका ओळीवर, 'डॉक्टरांनी विचारलं त्यातलं बाला एकही आलं नाही, म्हणजे पक्कंच ना?' तर तिथूनच सुरू करूया, कारण नोकरी नि आश्रम हे सगळं या 'पक्कं'वर उभं आहे.

पक्कं नाही. म्हणजे आजार नाही असं मी म्हणत नाहीये, ते पुढे बोलते, पण त्या पाच मिनिटांत जे मोजलं गेलं ते बाचं डोकं नव्हतं, बाची शाळा होती. आणि शाळेत तो गेलाच नाही. शंभरातून सात वजा, उरलेल्यातून परत सात, परत सात, हे मला ग्रॅज्युएट असून बोटं मोजत करावं लागतं. ही जी जगभर वापरतात ती स्मरणशक्तीची चाचणी आहे तिच्यात तारीख-वार, वजाबाकी, शब्द उलटा सांगणं, एक वाक्य लिहिणं, एक आकृती बघून काढणं असलं सगळं असतं, ती शिकलेल्या माणसांसमोर ठेवून बनवलेली आहे. ज्या माणसाने पेन्सिल हातात धरली नाही, ज्याचा वाढदिवस आधार कार्डवर एक जानेवारी आहे (आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा तोच असतो, अख्खा वाडा एका दिवशी जन्मल्यासारखा), त्याला तारीख विचारून काय कळणार? तू लिहिलंस ना, बा सांगतो की लिबरेशनच्या वेळी मी म्हशीमागे पळण्याएवढा होतो. हे त्याचं कॅलेंडर. १९६१, मिरग, दसरा, कुठली म्हैस कधी व्याली.

आणि हे मीच काढलेलं खुसपट नाही, डॉक्टर लोकांच्या कधीच लक्षात आलंय. हरयाणात बल्लभगडच्या खेड्यांमध्ये निरक्षर म्हाताऱ्यांसाठी ही चाचणी बदलून हिंदीत बनवली गेली, त्यालाही आता तीसेक वर्षं होतील. त्याच सुमारास कॅनडात क्री नावाच्या आदिवासी लोकांसाठी एक वेगळी पद्धत काढली, तिच्यात निम्मे प्रश्न पेशंटला आणि निम्मे घरच्यांना, की हा माणूस आधी काय करायचा आणि आता त्यातलं काय जमत नाही. पुढे '१०/६६' नावाच्या संशोधक गटाने ही पद्धत गरीब देशांतल्या बऱ्याच ठिकाणी तपासून घेतली, त्यात आपला गोवाही होता. नावाचा अर्थ ऐक, डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण गरीब देशांत आणि संशोधनातलं १० टक्केसुद्धा तिकडे नाही, असा हिशोब होता तो. तर ज्या गोव्यात हे सगळं झालं त्याच गोव्यात तुझ्या बाला हिंदीत पंतप्रधानाचं नाव विचारलं. काय बोलायचं.

आता दुसरी बाजू, आणि इथे मी तुला गोड बोलून फसवणार नाही. चाचणी चुकीची होती म्हणून आजार खोटा ठरत नाही. रोजची वाट चुकणं, मुलीला बायकोच्या नावाने हाक मारणं, कपडे उलटे घालणं (हे तू शेवटी सहज लिहिलंस, पण महत्त्वाचं तेच आहे), हे वयाने होत नाही. वय झालं की माणूस चष्मा कुठे ठेवला ते विसरतो, चष्मा कशासाठी असतो ते विसरत नाही. तेव्हा बाला नीट तपासायलाच हवं, पण नीट.

त्यासाठी एक वही कर. तुझ्या मुलाची जुनी अर्धवट वही चालेल. तिच्यात एका बाजूला लिही बा पाच वर्षांपूर्वी काय काय करायचा, दुसऱ्या बाजूला आता. म्हशी मोजायचा का, एखादी मागे राहिली तर न मोजता ओळखायचा का, धार काढायचा का, डेअरीला दुधाचा हिशोब कोण ठेवायचं, दावं वळता यायचं का, कुठला पाला कशावर लावायचा ते सांगायचा का. आता यातलं काय गेलं, कधीपासून गेलं, हळूहळू गेलं की एखाद्या दिवसापासून एकदम. डॉक्टरसमोर बसल्यावर ताप आला होता का, जेवतो का, एवढंच आठवतं आपल्याला, वही असली की ती पुढे सरकवायची. चांगला डॉक्टर ती वही वाचेल, आणि ज्याने वाचली नाही तो तुझ्या बाचा डॉक्टर नाही असं समजायला हरकत नाही.

आणि काही गोष्टी सरळ मागून करून घे, त्या करायच्याच असतात, यात कोणावर उपकार नाहीत. रक्तात बी-१२ आणि थायरॉइड, हे दोन्ही कमी असले तर माणूस विसराळू होतो आणि औषधाने सुधारू शकतो. साखर, किडनी, सोडियम. बा दोनदा पडलाय, डोक्याला लागलं होतं का ते आठवून सांग, कारण म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात पडल्यानंतर आठवड्यांनी सुद्धा हळूहळू रक्त साठू शकतं आणि ते दिसतं डिमेन्शियासारखंच, त्याला सीटी स्कॅन लागतो. कान तपास, कानात मळ असला तरी माणूस प्रश्नाला उत्तर देत नाही आणि आपण म्हणतो डोकं चालत नाही. डोळ्यात मोतीबिंदू. आणि आये गेल्यापासून बा गप्प झालाय असं लिहिलंस, जेवण कमी, कशात मन नाही, तर डिप्रेशन आहे का हेही विचार, म्हातारपणी ते विसरण्याच्या रूपाने येतं कधी कधी. पितो का? तू त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणून विचारते, पीत असेल तर डॉक्टरला खरं सांग.

गोळीचं. ती परस्पर बंद करू नकोस आणि परस्पर वाढवूही नकोस, पाकीट घेऊन याच आठवड्यात वाळपईच्या आरोग्य केंद्रात जा आणि सांग की या गोळीपासून दिवसभर झोप आहे आणि दोनदा पडले. रात्री शांत ठेवायच्या ज्या काही गोळ्या असतात त्यांनी डिमेन्शियाच्या म्हाताऱ्यांमध्ये पडणं वाढतं, अर्धांगाचा धोकासुद्धा वाढतो, म्हणून त्या कमीत कमी डोसमध्ये, थोड्या दिवसांसाठी आणि लक्ष ठेवून द्यायच्या असतात. डोनेपेझिल, मेमँटिन ही खास विसरण्याच्या आजाराची औषधं वेगळी, त्यांनी आजार बरा होत नाही, काही जणांना काही काळ थोडा फरक पडतो, तेवढीच आशा ठेव.

वाळपईहून वरच्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी माग. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरोलॉजी आहे, तिथेच आयपीएचबी, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळ आहे, म्हापशाला जिल्हा इस्पितळ आहे. आयपीएचबी म्हटलं की तुझा भाऊ उसळेल, 'बाला पिसो (वेडा) ठरवता काय' म्हणून. त्याला सांग की डिमेन्शिया मेंदूचा आजार आहे, आणि रात्री न झोपणं, संशय घेणं, चिडणं हे सांभाळण्याची सवय मानसोपचारवाल्यांनाच जास्त असते. कुठल्याही दारातून आत गेलीस तरी चालेल, आत जाणं महत्त्वाचं.

बोलीचा प्रश्न मात्र तिकडेही येणार. तुझ्या चौथीतल्या मुलाला दुभाष्या करू नकोस, पोराने आजोबांना 'लघवी कळते का' हे विचारायचं आणि उत्तर डॉक्टरला सांगायचं, दोघांनाही ते जड जातं. तू स्वतः पण शक्यतो नको, कारण बा तुझ्यासमोर काही गोष्टी बोलणार नाही आणि तू नकळत त्याची बाजू सावरशील, आपण सगळे सावरतो. वाड्यावरचा एखादा कॉलेजला जाणारा मुलगा असेल ना, त्याला एक दिवस सोबत घे, त्याला आधीच सांग की बा जे बोलेल ते जसंच्या तसं सांगायचं, सुधारून नाही. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांग, 'हे शाळेत गेलेले नाहीत आणि यांना हिंदी-कोकणी येत नाही.' एवढ्या एका वाक्याने पुढची दहा मिनिटं बदलतात. लाजू नकोस ते सांगायला.

स्विंडन माहीत आहे ना, इंग्लंडमधलं, आपले कितीतरी गोवेकर तिकडे गेलेत पोर्तुगीज पासपोर्टवर. माझ्या ओळखीतल्या एका घरातली आई तिकडे आहे, तिला हाच आजार, ती होती-नव्हती ती इंग्लिश विसरली आणि आता कोकणीतच बोलते, नर्सला काही कळत नाही. असं होतं, नंतर शिकलेली भाषा बहुतेक वेळा आधी जाते. तिचा मुलगा फोनवर मला तावातावाने सांगत होता की इथे आम्हा मायनॉरिटीवाल्यांचं कोणी ऐकत नाही. खरंच आहे त्याचं, ब्रिटनच्या संसदेतल्या एका सर्वपक्षीय गटाने २०१३ मध्येच लिहून ठेवलंय की इंग्लंड-वेल्समध्ये अशा अल्पसंख्य समाजांतले सुमारे २५ हजार लोक डिमेन्शियाचे आहेत आणि ते दवाखान्यात उशिरा पोचतात. पण मला राहून राहून वाटत होतं की अरे, सत्तरीतल्या धनगराला आपण इथे तेच करतो की. तुमची एसटीची, म्हणजे अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी किती वर्षं लोंबकळत आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ ला मिळालं, तुम्ही राहिलात. दर्जाने बाचा आजार बरा होणार नाही हे कबूल, पण कोण मोजलं जातं आणि कोण नाही याचा संबंध शेवटी पाच मिनिटांच्या तपासणीपर्यंत येऊन पोचतो.

यावरून 'आमच्यात असलं नसतं'. भाऊ एकटा नाही हे बोलणारा, सगळ्याच समाजांत बोलतात, ब्राह्मणांतही ऐकलंय मी आणि ख्रिश्चनांतही. २०२३ मध्ये आलेल्या देशपातळीवरच्या अभ्यासात साठीच्या वरच्या लोकांमध्ये ७.४ टक्के डिमेन्शिया निघाला, म्हणजे ८८ लाख माणसं, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, कमी शिकलेल्यांत जास्त. वाड्यावर नसतं असं नाही, वाड्यावर कोणी विचारायला गेलं नाही.

आणि आता ते, जे तुला झोपू देत नाही. तू खाली आणलंस म्हणून झालं. नाही गं. हा आजार मेंदूत सुरू झाल्यावर बाहेर दिसायला वर्षं जातात, म्हणजे तू आणलंस त्याच्या आधीच तो होता. मग वाड्यावर का दिसला नाही? विचार कर. वाड्यावर बाला काय लक्षात ठेवावं लागत होतं? म्हशी संध्याकाळी आपण होऊन घराकडे वळतात, बा त्यांच्यामागून चालत यायचा, वाट म्हशींना माहीत. जेवायला आये हाक मारायची. कोण आलं, कोणाचा मुलगा, ते शेजारी मोठ्याने सांगायचे. बाचं अर्धं डोकं बाहेर वाड्यावर पसरलेलं होतं, म्हणून आतलं कमी होत गेलं तरी चालून गेलं. आये गेली, म्हशी गेल्या, तेव्हा ते उघडं पडलं. उघडं पडणं आणि तुझ्यामुळे होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथल्याच गोव्यात २००१ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, लोकांना विचारलं होतं की म्हातारी माणसं अशी का वागायला लागतात. बऱ्याच जणांचं म्हणणं, वय झालं म्हणून, आणि काहींचं म्हणणं, मुलांनी प्रेम दिलं नाही, दुर्लक्ष केलं म्हणून. वीस-पंचवीस वर्षं झाली, तुझ्या वाड्यावर शब्दसुद्धा तेच आहेत. फक्त एक बघ, हा दोष मुलीवर किंवा सुनेवर येतो. वेर्ण्याला बसलेल्या मुलावर आला का? तो फोनवरून निदान करतोय.

घाड्याकडे जायचं की नाही, यावर माझं मत अनेकांना आवडत नाही पण सांगते. एक नारळ, एक कौल, आणि घरातल्या चार माणसांचं मन शांत होत असेल तर जाऊन ये, भावाशी त्यावरून भांडण करून तुझी शक्ती घालवू नकोस, तीच शक्ती त्याच्याकडून रात्री जागवून घ्यायला लागणार आहे. पण तिथे औषध बंद करा म्हणाले, उपास सांगितला, धुरी दिली, बांधून ठेवायचं म्हणाले किंवा हजारांत पैसे मागितले, तर उठून यायचं. देवचार लागला असेल तर तो बी-१२ची तपासणी केल्याने रागावणार नाही.

आता तुझे तीन रस्ते. वाड्यावर परत, हा सगळ्यात गोड वाटतो आणि मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. तू ज्या वाड्यावर बाला पाठवायचं म्हणतेस तो वीस वर्षांपूर्वीचा आहे. आता तिथे किती घरं उरलीत, तूच लिहिलंस चार. चुलता स्वतः सत्तरीचा, पावसात रस्ता जातो, रान सगळं बाजूला, आणि बा रात्री तीनला निघणार. अधूनमधून दिवसाचं न्यावं, जरूर न्यावं, दसऱ्याला गजा नाच असतो तेव्हा तर न्यावंच, पायांना आणि कानांना जे आठवतं ते डोक्याच्या नंतर जातं. राहायला नको.

आश्रमाला मी नावं ठेवणार नाही. 'आमच्यात बापाला आश्रमात ठेवत नाहीत' हे वाक्य म्हणणारे स्वतः किती रात्री जागतात ते विचार त्यांना. पण प्रोव्हेदोरियाचे (सरकारी) असोत, चर्चचे असोत की खासगी, बऱ्याच ठिकाणी चालतं-फिरतं, स्वतःचं स्वतः करणारं माणूस घेतात. डिमेन्शियावाल्याला घेता का हे फोनवरच विचार. मग बघायला जा तेव्हा रात्री किती माणसं ड्युटीवर असतात, दाराला कुलूप लावतात की माणूस ठेवतात, अंथरूण ओलं झालं तर कोण बदलतं, आणि बाची बोली समजणारं एक तरी माणूस आहे का, हे बघ. आज नाही पण दोन वर्षांनी बा अंथरुणाला लागला तर हा प्रश्न परत येईल, तेव्हा धावपळ नको म्हणून आत्ताच दोन जागा बघून ठेव. बघून ठेवणं म्हणजे टाकणं नव्हे.

नोकरी सोडू नकोस. निदान यंदा तरी नको. हा आजार पाच-सात वर्षं, कधी दहा वर्षं चालतो, तू पहिल्या वर्षी पगार, पीएफ, ईएसआय सगळं सोडून बसलीस तर तिसऱ्या वर्षी बाच्या डायपरचे पैसे कुठून? आणि चोवीस तास एकटी त्याच्याबरोबर बसलीस तर तू बाला ओरडशील, मग रडशील, हे माझं भाकीत नाही, मला आलेल्या अशा प्रत्येक पत्रात हेच आहे. तू विचारलंस तीन रस्त्यांतला कुठला. तिन्हींमध्ये एकटी तूच का आहेस, हे मी विचारते.

भावाला आठवड्याच्या दोन रात्री दे. सांगतानाच नेमक्या दे, शुक्रवार आणि शनिवार, 'जमेल तसं ये' म्हटलं की जमत नाही. २००७ चा आईवडिलांना सांभाळण्याचा कायदा आहे, तो मुलगा-मुलगी दोघांना लागू आहे, कोर्टात जा म्हणत नाही, पण बोलताना माहीत असावा. तो रात्री येत नसेल तर त्या दोन रात्रींच्या माणसाचे पैसे त्याने द्यावेत. मिनीबसवाल्या नवऱ्याची दुपार मोकळी असते ना? मग दुपारची आंघोळ त्याच्याकडे, बाला पुरुष माणसाकडून आंघोळ घालून घेणं बरं पण वाटेल. दिवसाला वाड्यावरचीच एखादी बाई-माणूस, जिला बोली येते, पगार देऊन ठेवता आली तर ती ट्रेन केलेल्या आयापेक्षा सध्या जास्त उपयोगाची. ट्रेनिंग नंतर देता येतं, बोली देता येत नाही.

खरं तर ही कल्पना गोव्यातच करून बघितलेली आहे. डिमेन्शियाच्या ८१ कुटुंबांवर एक प्रयोग झाला, २००८ मध्ये छापून आला, गावातल्याच बारावी वगैरे शिकलेल्या साध्या माणसांना शिकवून घरोघर पाठवलं, त्यांनी घरच्यांना आजार समजावला, चिडचिड कशी हाताळायची, सरकारी योजनांचं काय, हे सांगितलं, मागे डॉक्टर होते. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. तिसवाडी आणि बार्देशमध्ये झालं हे. सत्तरीत नाही. आता तू म्हणशील मग मला काय. त्या कामाशी संबंधित संगाथ ही संस्था गोव्यातलीच, १९९६ पासूनची, आणि अल्झायमर्सच्या रुग्णांसाठी देशभर काम करणारी एआरडीएसआय आहे. दोन्हीकडे विचार की होंडा-वाळपई भागात कोणी येतं का, येत नसेल तर फोनवर तरी शिकवाल का. रात्री अगदीच सुचेनासं झालं तर टेली-मानस, १४४१६, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७.

पैशांचं पटकन. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना बाला चालू आहे का? नसेल तर अर्ज कर, पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा दाखला लागतो, वाड्यावरच्या घराला नंबर नसला तर तलाठ्याकडे आणि पंचाकडे चार खेपा होतील, ती खेप भावाला दे. अर्ज मराठीत लिही, १९८७ च्या राजभाषा कायद्यात सरकारी कामासाठी मराठीलाही जागा आहे, इंग्लिश येत नाही म्हणून एजंटला पैसे देऊ नकोस. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड बघून ठेव. निदान लेखी झालं की अपंगत्वाच्या दाखल्याचं पण डॉक्टरला विचार, पुष्कळांना माहीतच नसतं की डिमेन्शियासाठी तो मागता येतो.

रात्री तीनचं आता. बा वेडेपणा करत नाहीये, बा कामाला निघालाय. पन्नास वर्षं तो त्याच वेळेला उठला, धार काढायची होती. त्याला 'म्हशी विकल्या, विसरलास काय' म्हणून सांगू नकोस, दर रात्री त्याला ती बातमी नवीन असते, दर रात्री त्याच्या म्हशी परत विकल्या जातात. त्याऐवजी विचार, 'कुठली व्यायला आलीय?' बोलू दे त्याला. चहा दे, घोंगडी दे, म्हण उजाडलं की जाऊ, आणि उजाडल्यावर खरंच चक्कर मारून आण, शेजारी कोणाचा गोठा असेल तर तिथपर्यंत. दिवसा ऊन नि चालणं मिळालं, दुपारची झोप छोटी ठेवली, संध्याकाळचा चहा कमी केला तर रात्र थोडी सुधारते. हाताला काम दे, सुंभ आणून दे, दावी वळू दे, पन्नास झाली तरी वळू दे. दाराला आतून वरच्या बाजूला कडी लाव आणि म्हशीच्या गळ्यातली घंटा अजून असेल तर ती दाराला बांध, तुला जाग येईल. पण बाला एकट्याला आत कोंडून कामावर जाऊ नका, आग लागली, पडला, कोणी नाही. कोयता, गॅस, विहीर यांचा बंदोबस्त कर. सदऱ्याच्या आत तुझा फोन नंबर शिवून टाक, आणि होंड्याच्या नाक्यावर मोटरसायकल पायलटांना (भाड्याने दुचाकीवरून सोडणाऱ्यांना), कदंबा बसच्या कंडक्टरांना, कोपऱ्यावरच्या बारवाल्याला बाचा फोटो दाखवून ठेव. लाज कसली, बारवाला रात्री सगळ्यांत उशिरापर्यंत जागा असतो.

आणि एक दिवस बा एकदम जास्त बिघडला, म्हणजे कालपर्यंत बोलत होता आणि आज ओळखत नाही, अंग गरम, लघवी कमी किंवा जळजळ, तर ते 'आजार वाढला' म्हणून घरी बसू नका, बहुतेक इन्फेक्शन असतं, त्याच दिवशी वाळपईला न्या, गाडी नसेल तर १०८.

एक काम मात्र तूच करू शकतेस. बाच्या बोलीतले तीसेक शब्द एका मोठ्या कागदावर लिही, बाजूला मराठी अर्थ. दुखतं, तहान, थंडी, नको, पुरे, पोट, चक्कर, कोण आहे. सोबत तुझ्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड कर. कागदाची एक कॉपी भिंतीवर, एक वहीत, एक बाच्या पिशवीत, म्हणजे नर्स असो, आश्रमातली बाई असो की तुझा भाऊ असो (तो वेर्ण्याला राहून निम्मे शब्द विसरलाच असेल), बा काय मागतो ते कळेल. वर सगळ्यात पहिला शब्द लघवीचा घाल, म्हशींची नावं खाली आली तरी चालतील. पण घाल.

तुझी,
ताई

ता. क. वहीचं पान भरलं आणि वाळपईची तारीख ठरली की मला लिही, डॉक्टरला विचारायचे प्रश्न आपण मिळून काढू. आणि बाला घेऊन जाशील तेव्हा सकाळी लवकरची वेळ घे, दुपारी बाला पेंग असते.